कुंकू काळं, पदर मळकट: जुन्या फोटोत लाल रंग बसत नाही तेव्हा

काळा-पांढरा फोटो रंगवायला घेतला की बाकी सगळं जमतं. भिंत जमते, लाकडी खुर्ची जमते, मागचं झाडसुद्धा जमतं. अडतं ते लाल रंगापाशी. कुंकवात लाल भरावा तर ते चॉकलेटी होतं, लुगड्याचा काठ वाळलेल्या रक्तासारखा दिसतो, ओठ जांभळट पडतात. रंग भडक करत जावं तर मळ तेवढा वाढतो. आपोआप रंगवणाऱ्या ॲपात फोटो टाकावा तर ते कुंकवाला हातच लावत नाही, काळी टिकली समजून सोडून देतं.

हा घोळ मी स्वतः दोन वर्षं घातला. दर वेळी वाटायचं, आपला लालच चुकतोय. मग हा लाल, तो लाल, इंटरनेटवरून उतरवलेल्या कुंकवाच्या फोटोतला लाल. एकही बसला नाही. दोष लालात नव्हताच, त्याच्या खाली असलेल्या करड्यात होता. तो करडा खोटा आहे हे कळल्यावर काम सोपं झालं असं नाही म्हणणार, पण निदान कुठं हात घालायचा ते कळलं.

माझं पोट कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासून भरतं. फोटो रंगवणं हा रात्रीच्या जेवणानंतरचा नाद. पैसे घेत नाही, त्यामुळं गल्लीतले लोक बिनधास्त फोटो आणून देतात. मागच्या पावसाळ्यात शुक्रवार पेठेतली आक्का तिच्या आईचा फोटो घेऊन आली. पोस्टकार्डाएवढा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागं पेन्सिलीनं १९५१. स्टुडिओतल्या खुर्चीवर आई, मांडीवर दोन वर्षांची आक्का स्वतः. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा एका कोपऱ्याला ओल लागून तपकिरी डाग पडलेला, बाकी फोटो ठणठणीत.

मी आळस केला. फोटो स्कॅन करून सरळ ॲपाच्या हवाली केला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आक्काला दाखवला. लुगड्याचा अंगाचा भाग तपकिरी, पदर आणि काठ गर्द निळा, कपाळावर काळा ठिपका. आक्कानं चष्मा पुसला, परत बघितलं.

“आरं बाळ, ही आई न्हवं माझी. आईचं कुंकू कवा काळं हुतं? आणि पदर निळा? मी सांगतो तुला, इरकलीचा पदर लालच असतोय. लुगडं हुतं निळं, नीळ घातल्यावानी गर्द.”

म्हणजे ॲपानं अगदी उलटं केलं होतं. निळं होतं ते तपकिरी केलं, लाल होतं ते निळं केलं. इतकं बरोब्बर उलटं अपघातानं होत नाही.

काळं का दिसतं

डार्करूममध्ये लाल दिवा का चालायचा, हे आठवा. सिनेमात सगळ्यांनी बघितलंय: लाल उजेडात फोटोग्राफर ट्रेमध्ये कागद हलवतोय. त्या कागदाला लाल उजेड दिसतच नाही, म्हणून तो खराब होत नाही. आता हीच गोष्ट कॅमेऱ्यातल्या प्लेटला लावा. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना निळा, जांभळा आणि अतिनील उजेड तेवढा दिसायचा. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेलला शोध लागला की प्लेटवरच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं की तिला हिरवाही दिसायला लागतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आणि फिल्म आल्या. लाल मात्र त्यांनाही दिसत नव्हता. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ मध्ये बाजारात आल्या, पण त्या अंधारात धुवाव्या लागायच्या आणि महाग पडायच्या, त्यामुळं पुढं कित्येक वर्षं स्टुडिओवाल्यांनी ऑर्थो सोडली नाही. हौशी लोकांच्या बॉक्स कॅमेऱ्यातली रोल फिल्मही तशीच. कोडॅकची व्हेरिक्रोम १९३१ ला आली ती ऑर्थोच होती. तिची जागा घेणारी व्हेरिक्रोम पॅन यायला १९५६ उजाडलं.

थोडक्यात, त्या फिल्मला लाल कुंकू आणि काळी काजळाची तीट यांत फारसा फरक नव्हता. निळा मात्र तिला भरपूर दिसायचा, म्हणून गर्द निळं लुगडं लाल पदरापेक्षा फिकट आलं.

ॲप का फसतं तेही यातच आलं. ही ॲपं शिकवलेली असतात आजच्या रंगीत फोटोंवर. ते फोटो करडे करायचे आणि मूळ रंग ओळखायला लावायचे, असं लाखो वेळा. करडं करायचं नेहमीचं सूत्र साधारण असं: लालाचे ३० टक्के, हिरव्याचे ५९, निळ्याचे ११. म्हणजे ॲपाच्या डोक्यात बसलंय की निळा सगळ्यात काळपट आणि लाल त्याहून उजळ. जुन्या प्लेटचं गणित नेमकं याच्या उलटं. त्यात त्या बिचाऱ्या ॲपाला इरकल म्हणजे काय, टोप पदर म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नसावं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. मी गच्चीवर कोवळ्या उन्हात बायकोची इरकल पसरली, शेजारी कागदावर चिमूटभर कुंकू, चिमूटभर हळद, पितळेचा तांब्या, आंघोळीची निळी बादली आणि कढीपत्त्याची डहाळी. मोबाइलनं फोटो काढून गिंप या फुकट मिळणाऱ्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये उघडला. कलर्स मेनूत कंपोनंट्स, त्यात मोनो मिक्सर. लाल शून्य, हिरवा शून्य, निळा एक. ही झाली सगळ्यात जुनी प्लेट. बादली पांढरीफटक पडली. कुंकू काळं, आणि हळदसुद्धा काळी! पितळेचा तांब्या लोखंडी दिसायला लागला. मग हिरवा अर्धा आणि निळा अर्धा केला, ही ऑर्थोच्या जवळपासची स्थिती. हळद उजळली, तांब्या थोडा उजळला, कढीपत्ता उजळला. कुंकू आणि पदर होते तिथंच, काळेच. बायको म्हणाली, साडीला ऊन लागतंय, आवरा.

फोटोशॉप असेल तर हेच चॅनेल मिक्सरमध्ये मोनोक्रोमवर खूण करून होतं.

फोटो त्या जातीचा आहे का

प्रत्येक जुना फोटो ऑर्थो नसतो आणि फोटोतलं प्रत्येक काळं लाल नसतं. नाही तर उद्या कुणी वकील आजोबांचा काळा कोट लाल करून ठेवील. मी खुणा बघतो त्या अशा. बाई सवाष्ण आहे आणि कुंकू केसांइतकंच काळं आहे, ही सगळ्यात पक्की खूण. ओठ वाजवीपेक्षा गडद, जणू काळी लिपस्टिक लावलीय. गालावरचे वांग, तीळ, मुरमांचे डाग ठळक, कारण त्वचेतला तांबूसपणा फिल्मला काळा दिसतो. बाहेर काढलेला फोटो असेल तर आभाळ कोरं पांढरं, ढगाचा मागमूस नाही. रंकाळ्यावर काढलेले जुने फोटो बघा, पाणी आणि आभाळ एकमेकांत मिसळून गेलेलं असतं.

खऱ्या काळ्याचा पुरावा फोटोतच मिळतो. आपल्याकडं बायकांच्या फोटोत मंगळसूत्राचे नाही तर डोरल्याचे काळे मणी असतात. ते काळे म्हणजे काळेच, तिथं वाद नाही. रंग उचलायच्या ड्रॉपरनं मण्यांच्या सावलीतल्या बाजूचा आकडा घ्यायचा (शून्य म्हणजे पुरता काळा, २५५ म्हणजे पुरता पांढरा), मग केसांचा, मग संशयित जागेचा. आक्काच्या आईच्या फोटोत मणी १६ ते १८, केस २४ च्या आसपास, कुंकू २५, पदर २२ ते ४० च्या मध्ये, आणि लुगड्याचं अंग ६० च्या पुढं. पदरावर पांढऱ्या नक्षीचे दाते स्पष्ट उमटलेले. इरकलीचा टोप पदर म्हणजे लाल भूमीवर पांढरी नक्षी, हे आपल्या भागात कुणालाही विचारा. नक्षी ओळखली की भूमीचा रंग सांगायला फोटोची गरज राहात नाही. आक्कानं सांगितलं नसतं तरी हे दाते बोलत होते, मीच ऐकलं नाही.

उपाय: आधी करडा उजळा, मग रंग

रंग भरायचा थर आपण बहुतेक ‘कलर’ मोडमध्ये ठेवतो. हा मोड वरच्या थरातला रंग घेतो आणि उजेड-अंधार खालच्या फोटोतला ठेवतो. म्हणूनच चुण्या, सावल्या टिकतात आणि काम खरं वाटतं. पण खालचा करडाच काळा असेल तर रंगाला जागाच उरत नाही. गिंपच्या एचएसएल कलर मोडमध्ये २५ च्या करड्यावर कितीही भडक लाल ओता, हाती लागतो तो ५०, ०, ०. कोळशावर कुंकू उधळल्यासारखं. फोटोशॉपचं सूत्र वेगळं आहे, तिथं थोडा उजळ येतो, पण मळकटपणा जात नाही. उन्हात नसलेल्या कुंकवाचा खरा रंग साधारण १७०, २५, ३५ धरला तर त्याच्या खाली गिंपला ९५ ते १०० चा करडा लागतो, फोटोशॉपला ७० चा. आपल्याकडं आहे २५. हे अंतर रंग बदलून कधीच भरून येणार नाही.

म्हणून रंगाच्या आधी एक पायरी वाढवायची. लाल असल्याची खात्री पटलेल्या जागांपुरता मास्क करायचा, म्हणजे बाकी फोटो झाकायचा, आणि त्या मास्कमध्ये कर्व्ह्जनं (उजेड-अंधार बदलायच्या वक्ररेषेनं) करडा उचलायचा. कुंकवाचं काम दोन मिनिटांचं. पदराचं नाही. पदराच्या सगळ्या चुण्या २२ ते ४० एवढ्याशा पट्टीत कोंबलेल्या होत्या. नुसता ब्राइटनेस वाढवला तर पट्टी तेवढीच अरुंद राहते आणि पदर पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो. कर्व्हवर दोन बिंदू घेऊन ती ताणावी लागते: २२ ला ६० वर न्या, ४० ला १०५ वर. वरचा २०० चा बिंदू जागेवरच खिळवून ठेवा, नाही तर पांढरे दाते जळतील. मी पहिल्या खेपेला तो खिळवला नाही आणि दात्यांची पांढरी पट्टीच झाली.

असं ताणलं की दोन भुतं बाहेर येतात. एक, फिल्मचे कण दाणेदार होऊन वर येतात. त्यांना पुसू नका, अगदी हलकं मऊ करा आणि सोडा. बाकी फोटोत कण आहेत आणि पदर तेवढा प्लास्टिकचा, हे डोळ्याला लगेच टोचतं. दुसरं भूत जास्त त्रासदायक: सावलीत पायऱ्या पडतात, रांगोळीच्या पट्ट्यांसारख्या. याचं कारण स्कॅन. आठ बिटच्या स्कॅनमध्ये २२ ते ४० म्हणजे फक्त १९ छटा, त्या तुम्ही ४५ च्या जागेत पसरता. मधली घरं रिकामी राहणारच. त्यामुळं स्कॅन करतानाच १६ बिट टिफ (कितीतरी जास्त छटा साठवणारी फाइल) निवडा, ६०० डीपीआय, आणि फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच. जेपेग पाठवू का, असं विचारणाऱ्यांना मी आता मूळ फोटोच घेऊन बोलावतो.

मास्कची कड एक-दोन पिक्सेल मऊ हवी. कडक कड ठेवली तर कुंकवाभोवती करडी रिंग राहते आणि कुंकू कपाळावर चिकटवलेलं वाटतं. खरं कुंकू बोटानं लावलेलं असायचं, खाली मेणाचा हात. कड थोडी फुटलेली, मध्ये दाट. मोठं करून बघा, बहुतेक फोटोत ते दिसतं. तेच राहू द्या. गोल ब्रशनं गरगरीत ठिपका काढायचा मोह होतो, मलाही झाला होता.

ही पायरी झाल्यावर मग रंगाचा थर. पदराला एकच लाल पुरत नाही. चुणीच्या उंचवट्यावर थोडा नारिंगीकडं झुकणारा, खोलात किरमिजी. निळ्या अंगाला उलटा उपचार: ते फिल्मनं वाजवीपेक्षा उजळ केलेलं असतं, म्हणून कर्व्ह किंचित खाली ओढायचा आणि मग नीळ भरायची. किंचित म्हणजे किंचितच, नाही तर चुण्या बुडतात.

सोन्याची गंमतही याच वाटेवर आहे. कोल्हापुरी साज, बोरमाळ, ठुशी जुन्या फोटोत लोखंडी का दिसतात, ते गच्चीवरच्या तांब्यानं सांगितलंच. दागिन्यांना सरसकट पिवळा फासला की ते प्लास्टिकचे होतात. चकाकत्या टोकांना जवळजवळ पांढराच लिंबोणी, मधल्या भागाला गेरूकडं झुकणारा पिवळा, फटीत तपकिरी. मधला भाग थोडा उचलून घ्यावा लागतो. साजातली एकेक पानडी वेगळी रंगवत बसू नका, वेडे व्हाल. पूर्ण साजाला एक थर द्या आणि चकाकीचे ठिपके तेवढे हातानं.

तांबडी माती

हे शिकल्यावर लगेच एक फोटो आला त्यानं परत जमिनीवर आणलं. फौंड्रीतल्या मित्राच्या आजोबांचा, तालमीत हौद्यात उभे, अंगाला माती, कमरेला लंगोट. बाहेरच्या उजेडात बॉक्स कॅमेऱ्यानं काढलेला. ॲपानं आजोबांना डांबराच्या खड्ड्यात उभं केलं होतं, लंगोट काळा. मित्र म्हणाला, “भावा, हे काय केलंस? खासबागेत कुस्त्या मारलेला गडी हाय, कोळशाच्या वखारीतला हमाल न्हवं.”

माती लाल, लंगोट लाल, अंगावर मातीचा थर, आणि खाली गव्हाळ कातडी जी ऑर्थोवर आधीच काळवंडते. म्हणजे फोटोचा निम्म्याहून जास्त भाग खोटा. सगळा उचलायला गेलो तर आजोबांच्या अंगावर बॅटरी मारल्यासारखा उजेड दिसायला लागला आणि डोक्यावरचं ऊन कुठून येतंय याचा मेळ बसेना. इथं पूर्ण दुरुस्ती करू नका, हे माझं मत. माती हवी त्याच्या निम्म्यानंच उचलली, अंग त्याहून कमी, लंगोट मात्र पूर्ण. डोळ्याला एक जागा खात्रीची लाल मिळाली की बाकीचं तो समजून घेतो.

मातीचा रंग मनानं ठरवू नका. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली तालमीची माती शेतातल्या लाल मातीसारखी दिसत नाही, ती दाट आणि ओलसर असते. मी सकाळी गंगावेशीतल्या तालमीत जाऊन सावलीत मातीचा फोटो काढला, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून. कागद यासाठी की मोबाइल आपल्या मनानं रंग तांबूस-निळे करतो. नंतर कागद पांढरा होईल असं संतुलन लावलं की मातीचा रंग खरा मिळतो. लुगड्यासाठीही हीच युक्ती, महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानात इरकल उलगडून दाखवायला सांगायची. एक-दोन तरी घ्याव्या लागतात, तो खर्च नादाचा.

त्याच लालाची भावंडं

लाल बरोबर बसूनही फोटो आजारी दिसत असेल तर पुढचं बघा.

प्रिंट पिवळी पडलेली असेल आणि तुम्ही त्या पिवळ्यावरच रंग भरत असाल, तर निळा हिरवट होणार आणि पांढरं धोतर चहात बुचकळलेलं दिसणार. आधी फोटो पुरता करडा करा. पण नुसतं डीसॅच्युरेट करू नका, म्हणजे एका फटक्यात रंग काढून टाकू नका. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल सुटे करून बघा: पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये ठसठशीत दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ गायब होतात. आक्काच्या फोटोवरचा पुराचा डाग मी पुसलाच नाही, लाल चॅनेलच करडा फोटो म्हणून घेतला, तीन चतुर्थांश डाग आपोआप गेला. इथं एक गोंधळ होतो, मलाही विचारलं गेलंय: लाल चॅनेल घेतला म्हणजे पदराचा लाल परत मिळेल का? नाही. तो कागदाचा आजचा रंग आहे, १९५१ च्या पदराचा नाही. फिल्मनं जे टिपलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार?

गडद भागात कडेकडेनं निळसर चांदीचा मुलामा दिसतो, तो चांदी वर आल्यामुळं. स्कॅनर त्याला राखाडी धुकं म्हणून वाचतो. असा फोटो स्कॅनरवर न ठेवता खिडकीपाशी ठेवून कॅमेऱ्यानं काढा, समोर काळं कापड धरा, चमक जाईपर्यंत कोन बदला. आणि पुरातला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. ओढला की चेहरा काचेवर राहतो.

चेहरा. ॲप आपल्याला सगळ्यांना नारिंगी किंवा गुलाबी करून टाकतं. मी घरातल्याच माणसाचा रंग घेतो: आक्काच्या नातीच्या हाताचा सावलीत फोटो काढला, उजेडाची बाजू, मधली, सावलीची, अशा तीन जागांचे रंग उचलले आणि वर नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, बोटांची पेरं यांना थोडा तांबूस. कपाळ पिवळट ठेवायचं. दाढी केलेल्या पुरुषाच्या हनुवटीला हिरवट करड्याची छटा. ओठ कुंकवासारखेच आधी उचलायचे. स्टुडिओतल्या जुन्या फोटोत चेहरे गुळगुळीत दिसतात, कारण निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं डाग-सुरकुत्या झाकलेल्या असतात. ते तसंच असू द्या, नव्या सुरकुत्या काढू नका.

मागचा पडदा, ज्यावर खांब, कठडा, झाडं रंगवलेली असतात, तो हिरवागार करायची फार हौस असते लोकांना. कॅमेऱ्याला शेवटी करडंच टिपायचं, म्हणून बऱ्याच स्टुडिओंत पडदे मुळातच करड्या-तपकिरी रंगात रंगवलेले असायचे. चित्रकारांचं गाव असल्यानं कोल्हापुरात पडद्यांची कला मोठी, बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाकडं वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवायचे. नाटकाचा पडदा रंगीत, फोटोचा नाही. मी पडद्याला जेमतेम मातकट छटा देतो. पुढचं माणूस उठून दिसतं ते वेगळंच.

शेवटी प्रिंट. पडद्यावर सुंदर दिसणारा पदर प्रिंटवर परत काळा आला तर कर्व्ह परत ताणायला जाऊ नका. लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मग बघा, बहुतेक वेळा चूक तिथंच सापडते. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या. एकदा एका लॅबमध्ये मशीननं आपणहून रंग सुधारले आणि आक्काची आई गोरीपान होऊन आली. तेव्हापासून मी काउंटरवर सांगतो, ऑटो करेक्शन बंद, आणि आधी एकच चार बाय सहाची प्रिंट. ती घरी नेऊन ट्यूबलाइटखाली नाही, दिवसा उंबऱ्यात बघायची.

आक्काची दुसरी प्रिंट बरोबर आली. कुंकू लाल, पदर लाल, दाते पांढरे. ती बराच वेळ बोलली नाही. मग बोट चोळीवर ठेवलं. “ही चोळी तपकिरी न्हवती. हिरवी हुती, खणाची.” तिच्या इचलकरंजीच्या थोरल्या भावाला फोन लावला, तो म्हणाला जांभळी, मी स्वतः खण आणायला गेलतो. मी परत करडा बघितला, ९० च्या आसपास. ऑर्थोवर गडद हिरवा तिथंच येतो आणि जांभळ्यातल्या निळ्यामुळं जांभळाही तिथंच येतो. फोटोला विचारून उपयोग नव्हता.

दोन प्रिंट काढल्या. हिरव्या चोळीची शुक्रवार पेठेत आहे, जांभळ्या चोळीची इचलकरंजीला गेली.